ट्रेक झाला, सेवाही झाली, गडाचं काय?

पाऊस ओसरला की तुमच्याही ग्रुपवर तो मेसेज येतोच. शनिवारी रात्री शेवटची कसारा, पहाटे चढाई, वर पोचल्यावर दोन तास 'गडसंवर्धन', दुपारी पिठलं-भाकरी आणि रात्री उशिरा घर. फीमध्ये टी-शर्ट आणि सर्टिफिकेटही. आचोळ्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर या दिवसांत उभे राहा. असा प्लॅन शिजवणारं एखादं टोळकं सापडेलच.

यात वाईट काय? काहीच नाही. रविवारी दुपारी बारापर्यंत लोळण्यापेक्षा हे नक्कीच बरं. फक्त त्या दोन तासांत गडाला नेमकं काय मिळालं, हे आपण कधी विचारत नाही.

आता थोडे आकडे. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले अकरा आपल्या राज्यातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण तेव्हापासून पोस्टरं बघा, राजगड, लोहगड, रायगड, पुन्हा राजगड. महाराष्ट्रात किल्ल्यांची संख्या साडेतीनशेच्या आसपास सांगितली जाते. सरकारी आकड्यांप्रमाणे त्यातले ४७ केंद्राच्या आणि ६२ राज्याच्या संरक्षणाखाली आहेत. म्हणजे निम्म्याहून जास्त किल्ल्यांना पुरातत्त्व खात्याचा बोर्डसुद्धा नाही. गर्दी होते ती ज्यांच्याकडे आधीच लक्ष आहे तिथे, आणि सेवाही तिथेच.

ट्रेकरची खरी सेवा कशी असते, ते बघायला २०२३चा जुलै आठवा. १९ तारखेच्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी ठाकर समाजाची, गाडीरस्ता नाही, वर धो-धो पाऊस. जेसीबी चढणार नाही, हेलिकॉप्टर उडणार नाही. माणसांनी चिखलातून चालत वर जायचं, एवढाच मार्ग उरला. सुरुवातीला पोचलेल्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या गटांची मुलं होती. २७ मृतदेह मिळाले आणि चार दिवसांनी शोध थांबवला, तेव्हा ५७ जण बेपत्ता होते.

ही मुलं अंधारात वर जाऊ शकली, कारण वाट पायाखालची होती. वर्षानुवर्षं तोच डोंगर चढून झालेला. एकदाच जाऊन, फोटो काढून पुढच्या आठवड्यात दुसरा गड 'टिक' करणाऱ्याला ते जमलं नसतं. माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे: डोंगराला तुमचा उपयोग होतो तो तुम्ही परत परत गेलात तरच.

आणि परत परत जायचं तर गड जवळचा हवा. आपल्याकडे ते भाग्य आहे, पण आपण मात्र कसाऱ्याच्या गाडीत. विरारहून डहाणूची गाडी धरा. वैतरणा गेलं की सफाळे, तिथून तांदूळवाडी. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी, समोर सूर्या आणि वैतरणेचा संगम. पालघरला उतरलात तर काळदुर्ग. हायवेला टकमक आणि पुढे अशेरी. कामणचा कामणदुर्ग तुंगारेश्वर अभयारण्याच्या जंगलात. आणि वसईचा किल्ला तर रिक्षाच्या अंतरावर. चिमाजी अप्पांनी तो १७३९ मध्ये घेतला, हे आपण शाळेपासून ऐकतो. आज तिथे प्री-वेडिंगवाल्यांची वर्दळ जास्त.

मात्र जवळ आहे म्हणून हात घालायची घाई नको. उत्साही सेवेने नुकसानही होतं. तटावरचं झाड उपटताना मुळांसोबत दगड निघतात. चुन्याच्या बांधकामात सिमेंट भरलं की पाणी आत अडतं आणि भिंत फुगते. दिशा दाखवायला कातळावर ऑइलपेंटचे बाण काढले की ते कायमचेच. सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे टाक्यातला गाळ उपसणं, कारण त्या गाळात खापरं, नाणी असू शकतात आणि ती कुठल्या थरात होती, यावरच तर काळ कळतो.

हे आपल्याला सोपाऱ्यावरून कळायला हवं. स्टेशनच्या पश्चिमेला बुरूड राजाचा कोट म्हणतात ती टेकाडासारखी जागा. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तिथे नीट खोदकाम केलं, म्हणून तो बौद्ध स्तूप असल्याचं जगाला कळलं. त्याच साली सोपाऱ्यातच भातेळा तळ्याजवळ अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. कुणी 'साफसफाई' म्हणून तो दगड बांधाला लावला असता तर?

कायदाही आहेच. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वसईच्या किल्ल्यात काम करायचं तर केंद्रीय पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तुंगारेश्वरात वनखात्याची. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१चं. त्यात ट्रेक नेणाऱ्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलंय. तेव्हा पुढचा मेसेज आला की फी भरण्याआधी अॅडमिनला विचारा: नोंदणी आहे? गडावरच्या कामाची परवानगी कुणाची? गोळा केलेला कचरा खाली आणून कुठे देणार? आणि याच गडावर परत कधी? शेवटच्या प्रश्नावर ग्रुपमध्ये बऱ्याचदा शांतता पसरते.

तुमच्यापैकी जे एनएसएसमध्ये आहेत, त्यांच्या हातात तर रेडीमेड चौकट आहे. वर्षाला १२० तास, सात दिवसांचं शिबिर आणि दत्तक गाव. गाव दत्तक घेण्यामागची कल्पनाच मुळी त्याच जागी परतण्याची. तेच गाव एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याचं निवडा, असं प्रोग्राम ऑफिसरना सुचवायला काय हरकत आहे? खात्याला पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर गेलं की त्याला उत्तर येण्याची शक्यताही वाढते. पहिल्या वर्षी दगडाला हात न लावता नुसत्या नोंदी केल्या तरी चालेल: कुठला बुरूज ढासळतोय, कुठल्या टाक्यात पाणी टिकतं, पावसाआधी आणि पावसानंतर एकाच जागेवरून काढलेले फोटो. असं रेकॉर्ड छोट्या किल्ल्यांचं क्वचितच कुणाकडे असतं.

तांदूळवाडीपासून सुरुवात करायची ठरली तर पाणी घरूनच न्या. वर जाण्याआधी पायथ्याच्या गावात एखाद्या काकांना विचारून घ्या, कुठल्या टाक्यातलं पाणी लोक अजून पितात. त्यात पाय धुऊ नका.