नाना शंकरशेट : द्रव्यदानापलीकडचे दायित्व

मुंबई सेंट्रल रेल्वे स्थानकास नाना जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव देण्याच्या प्रस्तावाला मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मान्यता दिली. ग्रँट रोडचा नाना चौक आणि गिरगावातील जगन्नाथ शंकरशेट मार्ग ही नावे तर मुंबईकरांच्या तोंडी पूर्वीपासूनच आहेत. या देशात आगगाडी धावावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांचे नाव स्थानकाला लाभावे हे उचितच होय. परंतु एखाद्या थोर पुरुषाचे नाव चौकाला दिले, वर्षातून एकदा पुतळ्याला हार घातला, की त्याचे ऋण फिटले असे समजण्याची आपल्या समाजाला जुनी खोड आहे. नानांच्या बाबतीत तसे होऊ नये. त्यांनी आपल्या संपत्तीचे नेमके काय केले, हे आज पुन्हा तपासून पाहण्यासारखे आहे. वडिलोपार्जित व्यवसाय सांभाळणाऱ्या घराण्यांनी ते पाहावेच. आणि त्या घराण्यांच्या पेढीवर पावतीपुस्तक घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्यांनीही पाहावे.

पेढीचा वारसा

नानांचे घराणे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे, दैवज्ञ समाजातील. मूळ आडनाव मुरकुटे. १० फेब्रुवारी १८०३ हा त्यांचा जन्मदिवस. १८२२ मध्ये वडील शंकरशेट निवर्तले, तेव्हा नानांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या कोवळ्या वयात मोठी इस्टेट हाती आलेले तरुण पुढे काय करतात, याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतात. नानांनी व्यापार वाढविला आणि त्याहून अधिक वाढविली ती आपली पत. अरब, अफगाण आदी परदेशी व्यापारी आपला ऐवज बँकेत ठेवण्याऐवजी नानांकडे विश्वासाने ठेवीत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे.

ही गोष्ट केवळ कौतुकाची नाही. व्यापाऱ्याजवळ दोन प्रकारचे भांडवल असते. एक तिजोरीत असते, दुसरे लोकांच्या मनात असते. पहिले दान केले तर तेवढेच कमी होते आणि पुढच्या हंगामात भरून निघते. दुसरे मात्र आयुष्यभर जपून साठवावे लागते आणि एका चुकीच्या पावलाने बुडू शकते. म्हणून पैसा देणारे श्रीमंत पुष्कळ आढळतात. समाजकार्यासाठी आपली पत पणाला लावणारे विरळा. नाना या दुसऱ्या वर्गातले होते. त्यांच्या जीवनाचे मर्म इथेच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बैठकीतला दाता

१८२२ मध्ये मुंबईत सुरू झालेली शाळापुस्तक मंडळी पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ झाली. नाना तरुणपणीच या कामात शिरले. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी गव्हर्नरपद सोडले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ नागरिकांनी दोन लाखांहून अधिक रुपये उभे केले. केवळ पुतळ्यावर न थांबता तो पैसा अध्यापक नेमून उच्च शिक्षण देण्याकडे वळविण्यात आला. त्यातूनच एल्फिन्स्टन संस्था वाढली आणि दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी लाड, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसे तिने घडविली. १८४० मध्ये शिक्षणाचा कारभार सरकारी बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेला. त्या बोर्डावर नानांनी १८५६ पर्यंत काम केले.

सोळा वर्षे! आजच्या कोणत्याही संस्थाचालकास विचारावे, की सोळा वर्षे सभेला येणारा, इतिवृत्त वाचणारा आणि पटले नाही तर लेखी विरोध नोंदविणारा देणगीदार त्याने कधी पाहिला आहे काय?

असा लेखी विरोध नोंदविण्याचा प्रसंग नानांवर आलाही. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह होता, की सरकारी पैसा प्रामुख्याने इंग्रजी शिक्षणावरच खर्च व्हावा. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणानंतर वारे त्याच दिशेने वाहत होते. १८४७ च्या सुमारास हा वाद शिगेला पोहोचला. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही हिंदी सभासद देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. कर्नल जर्व्हिस यांची त्यांना साथ मिळाली. नानांचा इंग्रजीला विरोध नव्हता. ते स्वतः इंग्रजी जाणणारे आणि इंग्रजी शाळांना हात देणारे होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की मूठभरांना इंग्रजीतून विद्या मिळेल, पण सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे असेल तर ते मातृभाषेतूनच पोहोचेल. वरच्या शिक्षणात इंग्रजीचे वर्चस्व पुढेही राहिले, तरी खालच्या शिक्षणात मराठी-गुजरातीचे स्थान टिकले. मुंबईतील मराठी शाळांचे वर्ग आज एकामागून एक बंद होत असताना, या सराफ घराण्यातील पुरुषाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी घेतलेली भूमिका किती दूरदृष्टीची होती, हे वेगळे सांगावयास नको.

दोन्हीकडे पाठ ताठ

पत पणाला लावणे म्हणजे काय, हे दोन प्रसंगांवरून कळते. १८४९ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींच्या शाळा काढल्या. जुन्या मताच्या मंडळींचा त्यास तीव्र विरोध होता. नाना हे हिंदू समाजाचे अग्रणी. देवालयांना मुक्तहस्ते देणारे, आचारधर्म पाळणारे गृहस्थ. ज्यांच्यात उठबस, त्यांचाच रोष पत्करण्याचे त्यांना काय कारण होते? तरीही त्यांनी या शाळांना पैसा दिला आणि पाठिंबाही दिला. नाना पाठीशी आहेत म्हटल्यावर अनेकांच्या विरोधाची धार आपोआप बोथट झाली असेल. हे काम नुसत्या रकमेने झाले नसते.

दुसरा प्रसंग याच्या उलट बाजूचा. सोनापूर येथील हिंदूंची स्मशानभूमी तेथून हलवून दूर शिवडीकडे नेण्याचा सरकारचा विचार होता. गिरगाव-भुलेश्वरातील गरीब माणसाने आपल्या आप्ताचा देह खांद्यावरून तेवढ्या अंतरावर कसा न्यावा? नाना सरकारच्या विरोधात उभे राहिले आणि स्मशानभूमी जागीच राहिली. ज्या सरकारशी त्यांचा रोजचा संबंध होता, त्याच सरकारला त्यांनी ‘नाही’ म्हटले.

समाजाची रूढी चुकत असेल तर समाजाला सांगावे आणि सरकार समाजाच्या श्रद्धेवर पाय देत असेल तर सरकारला सांगावे, हे दोन्ही एकाच माणसाने केले. आपल्याकडील काही विद्वानांना सुधारणा आणि धर्मनिष्ठा ही दोन टोके वाटतात. धर्म मानणारा तो प्रतिगामी, असे त्यांचे साधे समीकरण असते. नानांच्या चरित्रापुढे हे समीकरण टिकत नाही. ज्या हाताने त्यांनी मुलींच्या शाळांना मदत केली, त्याच हाताने गिरगावात संस्कृत पाठशाळाही चालविली.

राजनिष्ठेचा आक्षेप

नाना इंग्रजांचे मित्र होते, असा एक आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर त्यांच्या कृतीतून मिळते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली. मुंबई इलाख्यातील ही पहिली राजकीय संस्था. तिच्या धुरीणांत नाना अग्रभागी होते. कंपनी सरकारच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर आले असता या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे थेट अर्ज धाडला आणि कारभारातील दोष मांडले. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात तर खुद्द नानांवरच सरकारचा संशय गेला. पुरावा मिळाला नाही म्हणून ते सुटले. ज्याचा सारा व्यवहार राज्यकर्त्यांच्या मर्जीवर अवलंबून होता, त्या व्यापाऱ्याने किती मोठी जोखीम पत्करली होती, याची कल्पना यावरून यावी. १८६२ मध्ये त्याच सरकारला त्यांना कायदेमंडळावर घ्यावे लागले, हेही विसरता कामा नये.

रेल्वेची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना यांनी १८४५ मध्ये यासाठी मंडळ स्थापन केले; पुढे ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’च्या संचालकांतही ते दोघे होते; १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. १८४६ मध्ये ग्रँट रोडला नाट्यगृह उभे राहिले तेही नानांमुळेच, आणि १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांनी तेथेच मराठी नाटकाचे प्रयोग केले. भायखळ्याचे आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावे असलेले वस्तुसंग्रहालय उभारण्याच्या कामातही नाना होते. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतरही त्यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती चालत राहिली. १९१२ मध्ये मॅट्रिकला ती मिळविणारा रोहे परिसरातील विद्यार्थी म्हणजे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रातील अर्थमंत्रिपद सोडले. ज्या शहरासाठी नाना आयुष्यभर झिजले, त्याच शहरासाठी त्यांच्या शिष्यवृत्तीचा मानकरी सत्तेवर पाणी सोडता झाला.

आजचा प्रश्न

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. त्यातून काही चांगली कामे उभी राहिली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कायद्याने होतो तो खर्च. दान ही मनाची गोष्ट आहे. शिवाय आपल्या तालुक्यातील पेढ्या, गिरण्या, दुकाने आणि छोटे कारखाने चालविणारी बहुसंख्य घराणी या कायद्याच्या कक्षेत येतच नाहीत. त्यांचे दायित्व कोणत्या कलमात लिहावयाचे? ते केवळ संस्कारातच लिहिले जाऊ शकते.

या घराण्यांच्याही अडचणी आहेत. बाजार बदलला आहे, स्पर्धा जीवघेणी आहे, तिसरी पिढी परदेशी स्थायिक होत आहे. ‘पैसे घ्या, पण वेळ मागू नका,’ असे शेटजी म्हणतात, ते केवळ कंजूषपणामुळे नव्हे. परंतु नानांनाही पेढी होती, इस्टेट होती, संसार होता. त्यांनी वेळ काढला, कारण शाळेची बैठक ही त्यांना पेढीच्या बैठकीइतकीच आपली वाटत होती.

आणि येथे आम्हा कार्यकर्त्यांनाही दोन शब्द ऐकावे लागतील. आपण व्यापाऱ्याकडे जातो ते बहुधा निधी संकलनाच्या वेळी. पावती फाडली, चहा घेतला, की पुन्हा पुढच्या वर्षी भेट. वसतिगृहाच्या मुलांसमवेत त्याला जेवावयास कधी बोलावतो? रुग्णालयाचा ताळेबंद त्याच्यापुढे ठेवून ‘यात काय चुकते ते सांगा’ असे कधी म्हणतो? त्याच्या मुलाला, सुनेला एखाद्या प्रकल्पाची जबाबदारी देतो का? आपणच त्याला पावतीपुरता ठेवले, तर तो पावतीपुरताच राहणार. हिशेब वाचण्याची त्याची नजर, माणसे ओळखण्याची त्याची हातोटी आणि गावातील त्याच्या शब्दाचे वजन या तीन गोष्टी कोणत्याही धनादेशापेक्षा मोलाच्या आहेत. त्या आपण मागतच नाही.

स्थानकाला नाव देणे शासनाच्या हाती आहे. ते काम शासन करीलच. गावागावांतील पेढीवर बसलेल्या माणसाला समाजाच्या बैठकीत सन्मानाने आणून बसविणे मात्र आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी पावतीपुस्तक घेऊन निघताना त्यासोबत संस्थेच्या बैठकीचे निमंत्रणही न्यावे. नानांचे स्मरण त्याहून चांगल्या रीतीने करता येईल, असे आम्हांस वाटत नाही.