झेल नेमका कोणाचा?

जेरी राइसचे वडील गवंडीकाम करायचे. मिसिसिपी राज्यातलं क्रॉफर्ड हे लहानसं गाव, घरात आठ भावंडं, आणि सुट्टी लागली की पोरांनी बापाच्या हाताखाली राबायचं हे ठरलेलं. भाऊ खालून विटा फेकायचे, परांचीवर उभा असलेला जेरी त्या झेलायचा. हाच पोरगा पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर झाला. १९८५ ते २००४ असे वीस हंगाम खेळला आणि १५४९ पास झेलून, २२,८९५ यार्ड कमावून थांबला. यार्डांच्या यादीत त्याच्या खालचं नाव लॅरी फिट्झजेराल्डचं. त्याचे १७,४९२. पहिल्या आणि दुसऱ्यात साडेपाच हजारांच्या घरातलं अंतर असेल तर वाद घालायचा कशाला?

पण वाद होतो. आमच्या घरात तर दर दिवाळीत होतो, कारण माझा भाचा न्यू जर्सीत राहतो आणि तो रँडी मॉस या दुसऱ्या रिसीव्हरचा भक्त आहे. ‘मामा, राइस मेहनती होता, मान्य. पण मॉस म्हणजे मॉस!’ भक्तांशी वाद घालू नये हे मला कळतं, पण फराळाचं ताट समोर असलं की माणूस वाहवत जातो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (आपल्याकडे २०१२ साली या खेळाची लीग निघाली होती. त्यात पुणे मराठाज नावाचा संघही होता. सामने मात्र कोलंबोत झाले. असो.) क्वार्टरबॅक नावाचा गडी चेंडू फेकतो आणि वाइड रिसीव्हर कडेनं धावत जाऊन तो झेलतो. ऐकायला सोपं वाटतं. गंमत अशी, की रिसीव्हर अजून पाठमोरा धावत असतो तेव्हाच चेंडू हातातून सुटलेला असतो. फेकणारा माणसाकडे फेकतच नाही, तो मोकळ्या जागेवर फेकतो. धावणारा ठरल्या पावलाला वळतो आणि चेंडू तिथे असतो. निदान असायला हवा. तो हातभर वर गेला, तर झेलणारा दोन्ही हात उंचावतो, बरगड्या उघड्या पडतात आणि समोरून येणारा शंभर किलोचा रक्षक तिथेच धडकतो. म्हणजे फेकणाऱ्याची चूक झेलणाऱ्याच्या अंगावर निघते.

मॉसचं उदाहरण घ्या. २००६ साली तो ओकलंडच्या संघात होता. संघाने १६ पैकी २ सामने जिंकले, मॉसने ४२ पास झेलले, टचडाउन (म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) ३. संपला गडी, असं सगळे म्हणाले. नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या चौथ्या फेरीच्या एका जागेच्या बदल्यात ओकलंडने त्याला न्यू इंग्लंडला देऊन टाकलं. तिथे टॉम ब्रेडी फेकणारा होता. २००७ मध्ये मॉसने ९८ पास झेलले आणि २३ टचडाउन केले. एका हंगामातला तो विक्रमच आहे. माणूस तोच, हात तेच, पायही तेच. उलट एका वर्षाने थकलेले. भाचा हे मॉसच्या थोरवीचा पुरावा म्हणून सांगतो. मला त्यात ब्रेडी जास्त दिसतो.

मला हे कळलं ते आमच्या गल्लीतल्या एका बांधकामावर. जळगावात उन्हाळ्यात बांधकामाची माणसं दिवस उजाडायच्या आत कामाला लागतात, कारण अकराच्या पुढे वीट हातात धरवत नाही. वरच्या मजल्यावर विटा चढवायच्या होत्या. खाली एक जण, वर परांचीवर एक जण. खालचा दोन विटा एकावर एक ठेवून फेकत होता. एक वीट अडीच-तीन किलोची धरली तर पाच-सहा किलो वजन दहा-बारा फूट वर जायचं. मी आधी वरच्याकडेच बघत होतो. काय सफाई! हात पुढे करायचा, विटा पंजात यायच्या, कंबरेतून वळून तो त्या थप्पीवर लावायचा. विटांवर नजरही नसायची. चहाची वेळ होईपर्यंत तिथे रेंगाळलो तेव्हा लक्षात आलं, की खरी कमाल खालच्याची आहे. तो इतक्याच जोराने फेकत होता, की वरच्याच्या हाताशी पोहोचेपर्यंत विटांचा वेग सरलेला असायचा. क्षणभर त्या हवेत थांबायच्या आणि तेवढ्यात वरचा त्या उचलून घ्यायचा, फळीवरून डबा काढावा तशा. मग ठेकेदाराचा पोरगा हौसेनं फेकायला आला. त्याच्या तिसऱ्या फेकीला वरचा ओरडला, ‘ए भो, मारतो का काय मले?’ हात तेच होते, पण आता वरचा गडी अडाणी दिसायला लागला होता.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्याकडे झेलणारा म्हटला की पहिलं नाव एकनाथ सोलकरचं. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा, तिथल्याच एका खोलीत वाढलेला. २७ कसोटी, ५३ झेल. म्हणजे कसोटीमागे जवळजवळ दोन. निदान वीस कसोटी खेळलेल्यांत, यष्टिरक्षक सोडले तर, जगात कोणाचं प्रमाण याच्यावर नाही. तुलना करायची तर सुनील गावसकर १२५ कसोटींत १०८, अजित वाडेकर ३७ मध्ये ४६, राहुल द्रविड १६४ मध्ये २१०. द्रविडचा हा आकडा अनेक वर्षं जगात पहिला होता, जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्सवर जो रूटने तो ओलांडला.

सोलकर उभा राहायचा फॉरवर्ड शॉर्ट लेगला. फलंदाजाने बॅट जोरात फिरवली तर वाऱ्याची झुळूक तोंडावर यावी इतक्या जवळ. हेल्मेट नाही, नडगीला पॅड नाही. १९७१ च्या ओव्हल कसोटीतला त्याचा तो झेल आमच्या पिढीने छायाचित्रातच पाहिला, पण पाहिला तो कायमचा. पहिल्या डावात ९० धावा करून डोकेदुखी ठरलेला ॲलन नॉट दुसऱ्या डावात १ वर होता. वेंकटराघवनचा चेंडू त्याने पुढे येऊन अडवला. अडवलेला चेंडू मेलेला असतो, तो पायाशी पडतो आणि यष्टिरक्षक तो उचलून गोलंदाजाकडे टाकतो. सोलकरने तो पडू दिला नाही. अंग पूर्ण आडवं, पोट जमिनीला, हात गवताला लागलेले आणि चेंडू बोटांत. त्याच डावात त्याने फ्लेचरला शून्यावर टिपलं, चंद्रशेखरच्या गोलंदाजीवर. इंग्लंड १०१ मध्ये गुंडाळलं गेलं, चंद्रशेखर ३८ धावांत ६ बळी. आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकलो, मालिकाही जिंकली. धावफलकात मात्र ओळ कशी छापतात? झे. सोलकर, गो. वेंकटराघवन. नावं दोन.

आणि या दुसऱ्या नावापाशी सोलकरच्या भक्तांची, म्हणजे माझी, पंचाईत होते. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट. असे फेकणारे पुन्हा एका संघात एका वेळी आले नाहीत. त्यांचा टप्पा चुकला असता, चेंडू आखूड पडला असता, तर सोलकरच्या कानशिलाचं काय झालं असतं ते सांगायला नको. त्या जागी उभा राहणारा गोलंदाजाच्या हाती आपलं डोकं सोपवून उभा असतो. द्रविडचंही तसंच. त्याच्या २१० झेलांपैकी ५५ कुंबळेच्या आणि ५१ हरभजनच्या गोलंदाजीवरचे. निम्म्याहून जास्त दोनच माणसांचे.

१९७७ साली तर नियतीने प्रयोगच करून दाखवला. इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत जानेवारीच्या सुरुवातीला कलकत्त्याची कसोटी झाली आणि सोलकर संघाबाहेर गेला तो कायमचा. वय अठ्ठावीस. महिना संपता संपता बंगळूरची कसोटी सुरू झाली आणि यजुर्वेंद्र सिंग नावाचा पोरगा पहिल्यांदाच भारताकडून उतरला. रणजीत तो महाराष्ट्राकडून खेळायचा. आपलं जळगाव-धुळं त्याच संघाच्या हद्दीत येतं, मुंबईच्या नव्हे, त्यामुळे सोलकरपेक्षा हा आपल्याला जवळचा. त्या पदार्पणाच्या सामन्यात त्याने एका डावात ५ आणि सामन्यात ७ झेल घेतले. यष्टिरक्षक सोडले तर दोन्ही जागतिक विक्रमांची बरोबरी! फेकणारे तेच होते, बेदी आणि मंडळी. हात तेवढे बदलले होते. सामना आपण १४० धावांनी जिंकला. यजुर्वेंद्र पुढे एकूण चारच कसोटी खेळला.

त्याचा तो सात झेलांचा विक्रम मोडला आपल्याच जवळच्या माणसाने. अजिंक्य रहाणे, नगर जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्याचा. २०१५ साली गॉलला श्रीलंकेविरुद्ध सामन्यात ८ झेल. हा सामना आपण हरलो. १७६ धावा करायच्या होत्या, ११२ मध्ये आटोपलो. विक्रमाच्या दिवशी माणसाला अभिनंदनही धड घेता येऊ नये, हे रहाणेच्याच वाट्याला यायचं होतं.

मग आकड्यांवरून काहीच ठरत नाही का? ठरतं, पण प्रश्न नीट विचारावा लागतो. किती झेलले हे विचारू नका, फेकणारा बदलल्यावर काय झालं ते विचारा. इथे मॉस मार खातो आणि राइस वर चढतो. राइसला आधी जो मोंटाना फेकायचा, मग स्टीव्ह यंग. दोघेही थोर, म्हणून शंका घ्यायला जागा राहते. पण मग तो ओकलंडला गेला, त्याच ओकलंडला जिथे मॉस पुढे कोमेजला. तिथे फेकणारा रिच गॅनन. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये राइसने चाळिशी गाठली आणि त्या हंगामात ९२ पास झेलून १२११ यार्ड कमावले. चाळिशीत आपल्याकडे माणसं गुडघ्याला तेल लावायला सुरुवात करतात. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, ‘गॅनन तेव्हा फॉर्मात होता, मामा.’ होता, खरं आहे. त्या वर्षी संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत गेला. भक्त अभ्यासू असला की जास्त त्रास होतो.

जुन्यांचं काय करायचं, हाही एक फाटा आहे. डॉन हटसन १९३५ ते १९४५ खेळला, ९९ टचडाउन पास झेलले. त्या काळी चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन पळण्याचीच रीत, सामनेही कमी. तरी तो विक्रम मोडायला १९८९ साल उजाडलं. हटसनला आजच्या मैदानात उतरवता येत नाही आणि सोलकरला हेल्मेट घालून बघता येत नाही, म्हणून मी तो फाटा सोडून देतो.

सोलकरला फेकणारे बदलून मिळाले नाहीत, त्यामुळे राइसची परीक्षा त्याला लावता येत नाही. तरी मी त्यालाच वर ठेवतो आणि कारण सांगतो. स्लिपमधला झेल सुटला तर ‘झेल सुटला’ असं निदान म्हणता येतं. नॉटचा तो चेंडू जमिनीवर पडला असता तर झेल होता असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. वेंकटच्या खात्यात एक निर्धाव चेंडू पडला असता, बस. म्हणजे बळी नव्हताच, सोलकरने तो तयार केला. अशी दोन-चार दृश्यं पाहिली की फलंदाज पुढे पाय टाकायला कचरतो आणि त्या कचरण्यात बेदीला पुढचा बळी मिळतो. तो झेल भलत्याच्या नावावर जातो, कधी पायचीत म्हणून लिहिला जातो. यजुर्वेंद्रने बंगळूरला सात घेतले तेव्हा इंग्लंडचे फलंदाज त्या जागेला आधीच दबकून होते, ही धास्ती बसवली कोणी? हा माझा पक्षपात आहे, कबूल. पण सदर माझं आहे.

एवढं करून सोलकर बाहेर गेला, कारण धावा कमी पडल्या. १९७५ मध्ये वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत शतक केलेला माणूस हा. नुसत्या झेलांवर आपल्याकडे कोणाची निवड होत नाही. जळगावला सागर पार्कवर किंवा धुळ्याला गरुड मैदानावर टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा होतात तिथेही हाच हिशेब. उत्कृष्ट फलंदाजाला रोख, उत्कृष्ट गोलंदाजाला रोख, मालिकावीराला सायकल नाहीतर आणखी काही मोठं, आणि उत्कृष्ट क्षेत्ररक्षकाला एक स्मृतिचिन्ह. तेही मंडळाकडे एखादं उरलं असेल तर. मैदान टणक, अंग टाकलं की कोपर सोलून निघतं, म्हणून शहाणी पोरं अंग टाकतच नाहीत. एखादा वेडा टाकतो, झेल घेतो, माईकवाला गळा फाडून ओरडतो आणि पुढच्या चेंडूला विसरतो.

म्हणून गेल्या हंगामात मी एका मंडळाच्या अध्यक्षांना सुचवलं, की प्रत्येक झेलाला शंभर रुपये लावा, पन्नास झेलणाऱ्याला, पन्नास गोलंदाजाला. देणगीत माझेही पाचशे धरा. त्यांनी पाचशेची नोट आधी खिशात घातली, पावती फाडली आणि मग म्हणाले, ‘भाऊ, मंग बॅटिंगवाल्यालेबी काही द्या ना. त्यानंच त हाणला ना वर!’