मुलाची खाट आणि आईची मजुरी

रडून रडून शांत झालेले मूल रुग्णालयात ‘रुळले’ असे ब्रिटनमधील परिचारिका समजत. त्या काळी आईबापांना वॉर्डात फारसा प्रवेश नसे. मुलाने आशा सोडली की ते असे शांत होते, हे जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीवरील चित्रपटातून दाखविले, तेव्हा डॉक्टरच संतापले! १९५९ साली प्लॅट समितीने आईला मुलाजवळ राहू द्यावे अशी शिफारस केली.

आपल्या सरकारी वॉर्डात आई खाटेखाली झोपते. त्यामागे करुणा कमी, परिचारिकांची टंचाई अधिक. तरीही हा प्रश्न आपला नव्हे, असे मानता येणार नाही. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावातून तीव्र कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात आणले जाते, ते साधारण १४ दिवसांसाठी. दर दोन-तीन तासांनी, रात्रीदेखील, मोजून दूध पाजावयाचे असते. नियम आईला बाहेर काढीत नाही. तिला बाहेर ओढते ती मजुरी. घरी धाकटी-थोरली भावंडे, शेतावर बुडणारा रोज, ऊसतोडीची उचल घेतली असेल तर दाराशी मुकादम. शासन बुडीत मजुरी देते. पण ती मुक्काम संपल्यावर हाती येणार असेल, तर मधल्या दिवसांचे पीठमीठ कोठून येणार? मग आई मुलाला उचलून निघून जाते आणि कागदावर ‘पालक अडाणी’ असा शेरा पडतो. हा शेरा लिहिणाऱ्याचे अर्थशास्त्र कच्चे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने या उपचाराच्या दहा पायऱ्या सांगितल्या. त्यांतील नववी खेळ व माया ही आहे. औषधाइतकीच ती उपचाराचा भाग आहे. पण भिली वा पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठीतली माया कितपत कळणार? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आदिवासींनाच विचारून झोपड्यांचे रुग्णालय उभारले, नातलगांना रुग्णापाशी राहता येईल असे.

नंदुरबारच्या कार्यकर्त्यांनी मागणी करावयाची ती नव्या इमारतीची नव्हे. बुडीत मजुरी दर आठवड्याला रोख आईच्या हाती पडावी, घरच्या भावंडांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय गावच्या अंगणवाडीत व्हावी आणि मुलाची बोली बोलणारी एक बाई पगारावर वॉर्डात नेमावी.