मालमोटारीचा खरा मालक कोण?

“आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें” ही म्हण आमच्या वाचकांस नवी नाहीं. कष्ट एकाचे आणि पीठ दुसऱ्याचें, हा प्रकार शेतकऱ्याच्या व कारागिराच्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आला. आतां तोच प्रकार जात्यावरून उठून मोटारीच्या चाकावर बसूं पाहत आहे, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस भाग पडत आहे.

धाराशिव जिल्ह्यांत कळंबपासून उमरग्यापर्यंत कोठेंही जा, तरुणांच्या तोंडीं एकच बोलणें ऐकूं येतें. शेती पुरत नाहीं, नोकरी मिळत नाहीं. तेव्हां एक गाडी घ्यावी, आपणच चालवावी आणि आसपासचीं भाडीं मारावीं. कोणी छोटा हत्ती घेतो, कोणी आयशर घेतो, कोणी जुना ट्रक पाहतो. सुगींत सोयाबीन लातूरच्या बाजारांत न्यावें, हिवाळ्यांत ऊस कारखान्यावर टाकावा, एरवीं विटा, खडी, खताचीं पोतीं वाहावीं, असा बेत असतो. हा बेत वाईट आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. उलट दुसऱ्याच्या गाडीवर जन्मभर क्लीनर राहण्यापेक्षां तो शंभर पटींनीं बरा.

माल वाहण्याचा धंदा आमच्या लोकांचाच आहे. रस्ते नव्हते तेव्हां धान्य आणि मीठ या मुलखांत फिरविलें तें लमाण बंधूंच्या बैलांनीं. पुढें गाडीरस्ते झाले आणि गाडीवान आला. त्याची गाडी सुतारानें घडविली, चाकावर धाव लोहारानें चढविली. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येडशी, ढोकीवरून लातूरपर्यंत पोहोंचली. मागोमाग मोटारी आल्या. पण लमाणाचा बैल लमाणाचा होता आणि गाडीवानाची गाडी गाडीवानाची होती. हांकणारा एक आणि धनी दुसरा, ही रीत मोटारीबरोबर पसरली. ती मोडून हांकणारानेंच धनी व्हावें, यासारखी चांगली गोष्ट नाहीं. महात्मा जोतीराव फुले स्वतः कंत्राटदारीचा धंदा करीत, त्यांच्या सत्यशोधक सोबत्यांतही कंत्राटदार होते. धंदा हा अमक्याच जातीनें करावा, ही समजूत त्यांनीं बोलून नव्हे तर करून मोडली.

मग आमचें म्हणणें काय? एक घडलेली गोष्ट सांगतों. आम्हीं ज्यास शाळेंत शिकविलें असा एक मुलगा गेल्या हिवाळ्यांत घरीं आला. त्यानें एक एकर रान गहाण टाकून आणि बाकीचें कर्ज काढून जुनी गाडी घेतली होती. २०२५ च्या सप्टेंबरांत पुरानें भूम-परंड्याकडचीं पिकें वाहून गेलीं; माल नाहीं म्हणून भाडें नाहीं, भाडें नाहीं म्हणून तीन हप्ते थकले. एके दिवशीं चौघे आले आणि गाडी घेऊन गेले. मुलानें पिशवींतून कागदांचा जुडगा काढला व म्हणाला, “गुरुजी, एवढें वाचून द्या.” सारा मजकूर इंग्रजी, खालीं चौदा ठिकाणीं त्याच्या सह्या. आम्हीं विचारलें, “बाळा, सही केलीस त्या दिवशीं कां नाहीं आणलेंस?” तो खालीं मान घालून म्हणाला, “त्या दिवशीं गाडीला हार घालायचा होता, गुरुजी.”

वाचकहो, त्या मुलाला आम्हींच लिहावयास शिकविलें होतें. सही करण्यापुरतें शिकविलें, वाचून मग सही करावी हें शिकविलें नाहीं, ही आमचीही चूक आहे. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले, कारण त्या कागदांत काय लिहिलें आहे हें त्यांस कळत नव्हतें आणि तोच कागद त्यांचें रान गिळीत होता. चार वर्षांनीं, १८७९ सालीं, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. दीडशें वर्षें झालीं, शाळा झाल्या, तरी कागद न वाचतां अंगठा देण्याची खोड गेली नाहीं. अंगठ्याच्या जागीं सही आली एवढेंच.

आतां त्या कागदांतली खरी मेख पाहूं. समजा, सहा लाखांचें कर्ज, चार वर्षें मुदत, दर शेंकडा दहा. हा दर “फ्लॅट” असेल तर व्याज होतें दोन लाख चाळीस हजार आणि महिन्याचा हप्ता १७,५०० रुपये. दहा टक्के ऐकून माणूस खूष होतो. पण दोन वर्षांनीं निम्म्याच्या आसपास मुद्दल फिटलेलें असतें, तरी व्याज मात्र अखेरपर्यंत पुऱ्या सहा लाखांवरच आकारलें जातें. शिल्लक मुद्दलावर मोजलें तर हाच दर साडेसतरा टक्क्यांच्या पुढें जातो. म्हणून दलालास विचारावें, “दर फ्लॅट कीं शिल्लक मुद्दलावर?” तो आढेवेढे घेऊं लागला तर उठून यावें. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा हुकूम आहे कीं, अशा कर्जाचें एक पत्रक कर्जदारास समजेल अशा भाषेंत द्यावें आणि त्यांत सर्व खर्च धरून वर्षाचा दर लिहावा. तें पत्रक मराठींत मागणें हा आपला हक्क आहे. वसुलीसाठीं गुंड पाठवूं नयेत, कायद्यानें वसुली करावी, असें सुप्रीम कोर्टानेंही २००७ सालीं बजावलें आहे. हेंही ध्यानांत असूं द्यावें.

दुसरी मेख आपल्याच खिशांत आहे. समजा, सोयाबीनची एक खेप, जाऊन-येऊन १२० किलोमीटर, भाडें ३,५०० रुपये. लिटरला ८ किलोमीटर गाडी चालली आणि डिझेल ९० रुपयांनीं धरलें तर १,३५० रुपये गेले. हातांत २,१५० राहिले. गडी म्हणतो, आज बरें सुटलें. पण महिन्यांत वीस खेपा धरल्या तर हप्त्याचे ८७५ रुपये या खेपेवर पडतात. विमा, कर व पासिंग यांस वर्षाला ६० हजार धरले तर २५० रुपये, टायरची झीज १८०, दुरुस्ती २००, आणि स्वतःच्या दिवसाची मजुरी ७०० रुपये. बेरीज ३,५५५. म्हणजे दिवसभर गाडी हांकून पंचावन्न रुपयांची खोट! पावसाळ्यांत बाराच खेपा मिळाल्या तर ही खोट आठशांवर जाते. गडी ती खोट आपल्या मजुरींतून भरतो, मग टायरच्या पैशांतून भरतो, आणि टायर फुटला कीं सावकाराच्या दारीं जातो. असा गाडीधनी धनी नव्हे. तो कर्ज देणाऱ्याचा बिनपगारी ड्रायव्हर होय.

यावर उपाय आहेत आणि ते आपल्या हातचे आहेत. परतीचें भाडें ठरल्याशिवाय दूरची खेप धरूं नये. वरच्या हिशेबांत येतांना खताचीं पोतीं मिळालीं तरी खोट जाऊन नफा होतो. आपल्या गांवच्या चार-पांच गाडीवाल्यांनीं एकमेकांचें भाडें पाडण्याऐवजीं एकत्र बसून भाडें ठरवावें आणि माल वाटून घ्यावा. व्यापारी “आणखी दहा पोतीं टाक” म्हणाला तर हात जोडावे. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर जादा वजनास २०,००० रुपये दंड आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये आहेत. तो दंड व्यापारी भरीत नाहीं.

नवख्यानें लहान गाडीपासून सुरुवात करावी. मालासह ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीस परमिट लागत नाहीं, आणि ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी हलक्या मोटारीच्या लायसनवर चालवितां येते असें सुप्रीम कोर्टानें नोव्हेंबर २०२४ मध्यें कायम केलें आहे. कर्जासाठीं दलालाकडे जाण्याआधीं जिल्ह्याच्या ठिकाणीं जाऊन चौकशी करावी. महात्मा फुले, वसंतराव नाईक, इतर मागासवर्गीय आणि माथाडी कामगारांचे पुढारी अण्णासाहेब पाटील यांच्या नांवाचें, अशीं महामंडळें त्या त्या समाजाच्या तरुणांस धंद्यासाठीं कर्जाची किंवा व्याजाची सवलत देतात. हेलपाटे पडतील, पण साडेसतरा टक्क्यांपेक्षां हेलपाटे स्वस्त. आणि सहा महिन्यांचे हप्ते निराळे साठविल्याशिवाय रान गहाण टाकून गाडी आणूं नये. आमच्या जिल्ह्यांत दुष्काळ पाहुणा नव्हे, तो घरचा आहे.

शेवटचा उपाय सर्वांत सोपा. एक वही घ्यावी आणि ती गाडींत न ठेवतां घरांत ठेवावी. शिकलेली बायको, सून किंवा मुलगी असेल तिनें रोज रात्रीं खेप, डिझेल, भाडें व उसनवारी लिहावी. १८४८ सालीं जोतीराव-सावित्रीबाईंनीं मुलींची शाळा काढली ती कशासाठीं? घरांत हिशेब समजणारें माणूस असावें म्हणूनही. जिच्या हातीं वही आहे ती नवऱ्यास वेळेवर सांगेल, “या भाड्यांत जाऊं नका, घरीं बसलेलें बरें.”

सरकारनें २०१९ सालीं ड्रायव्हरची आठवी पास होण्याची अट काढून टाकली. गरिबांच्या पोरांसाठीं तें ठीकच झालें. पण ती अट ड्रायव्हरची गेली, धन्याची गेली नाहीं. ज्यास धनी व्हावयाचें आहे त्यानें आठवीचें गणित आणि मराठी वाचन यांवांचून गाडीला हार घालूं नये. बंधूंनो, आधीं कागद वाचा, मग नारळ फोडा. वाचतां येत नसेल तर गांवच्या शाळेंत या. हें काम करण्यास आम्ही शाळा सुटल्यावर बसूं, आणि त्याची फी घेणार नाहीं.