घर हे फुकटचे रुग्णालय नव्हे

छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया जडलेल्या माणसाची जागा कोठडीत नसून घरात आणि समाजात आहे, हे तत्त्व आता सरकारी व्यासपीठांवरूनही सांगितले जाते. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. त्यानंतर तरी याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप तत्त्वाला नाही, त्याच्या आडून चाललेल्या हिशेबाला आहे.

कुटुंबसंस्थेचे गोडवे गायचे आणि रुग्णाचा सारा भार आई, पत्नी वा बहिणीच्या अंगावर टाकून मोकळे व्हायचे, याला समाजाधारित सेवा म्हणत नाहीत. वेळेवर गोळ्या देणे, रात्री जागणे, हातचा रोजगार सोडणे, शेजाऱ्यांचे टोमणे सोसणे, या श्रमांची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही. (राष्ट्रीय उत्पन्न मोजणाऱ्या आमच्या अर्थशास्त्राचाही हा जुनाच दोष.)

गोवा, तामिळनाडू आणि आपल्या सातारा जिल्ह्यात २८२ रुग्णांवर या सेवेची काटेकोर चाचणी झाली. निष्कर्ष २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरोघरी जात, रुग्णाशी व घरच्यांशी बोलत, औषधांत खंड पडू नये हे पाहत. केवळ दवाखान्यातील उपचारांच्या तुलनेत लक्षणे आणि परावलंबित्व यांत अधिक उतार पडला. तो माफक होता, पण खरा होता. खर्च मात्र घटला नाही, वाढला! घरगुती शुश्रूषेचे भाट नेमके हेच सांगत नाहीत.

कायद्याची उणीव नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या कुटुंबाला साहाय्य आणि घरच्या घरी पुनर्वसन या सेवा शासनाचे कर्तव्य ठरविल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्ताही आहे. पण त्याला शेपूट जोडले आहे, शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत! २०१९ साली कंपनीकर घटविताना याच शासनाने स्वतःच्या अंदाजाप्रमाणे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडले, तेव्हा ही मर्यादा कोठे होती?

तेव्हा मागणी निःसंदिग्ध हवी. गावोगावी प्रशिक्षित कार्यकर्ता नेमावा, आणि त्याला आशा सेविकांप्रमाणे मानधनावर न राबविता नियमित वेतन द्यावे. तालुक्याच्या रुग्णालयात औषधे अखंड मिळावीत. काळजीवाहक भत्ता काळजी वाहणाऱ्या स्त्रीच्या हाती पडावा. आपल्या पक्षाच्या जाहीरनाम्यातही हे कलम अद्याप यायचेच आहे.