फिरतीतील व्यायाम : एक नम्र विचार

फिरतीविना व्यापार नाही, ही गोष्ट आपल्या सभासद बंधूंस सांगावयास नको. बोरगाव नागपूर-छिंदवाडा मार्गावर वसलेले. एका अंगास सौंसर-पांढुर्ण्याची संत्री व कापूस, दुसऱ्या अंगास औद्योगिक वसाहतीतील कारखाने. पूर्वीची नॅरोगेजची संथ गाडी २०१५ साली थांबली. आज माणूस मोटारीने सकाळी नागपूर गाठतो, चार पेढ्यांवर बसून बोलणी करतो व रात्री घरी परततो. प्रवास सुखाचा झाला खरा, परंतु त्या सुखात पायांचे काम मात्र संपले. मोटारीत बसणे, गादीवर बसणे आणि पंगतीस बसणे एवढेच फिरतीचे तीन प्रहर उरले आहेत.

अलीकडे आपल्या तरुण मंडळींत कसून व्यायाम करण्याची आवड उत्पन्न झाली आहे, याचा आम्हांस आनंद वाटतो. परंतु हंगाम सुरू झाला, फिरती वाढली, की प्रथम काट बसते ती व्यायामावर. आठ दिवस घरी कसरत, पंधरा दिवस बाहेर विश्रांती, पुन्हा आरंभ आणि पुन्हा खंड, असा हा क्रम चालतो. शेवटी निराश होऊन मनुष्य तो नादच सोडून देतो.

‘प्रवासात नियम पाळता येत नाही’ ही सबब इतर कोणी सांगितली तर ऐकून घेता येईल. आपल्या समाजाने ती सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम आपल्यातील कित्येक कुटुंबे आगगाडीतही पाळतात. उकळलेले पाणी बरोबर असते, खाखऱ्याचा डबा बरोबर असतो आणि घड्याळाकडे पाहून बोलणी आवरती घेतली जातात. ज्यांस हे साधते, त्यांस सकाळची वीस मिनिटे साधत नाहीत, हे कसे मानावे? अडचण वेळेची नसून निश्चयाची आहे.

दुसरी सबब अशी की, घरच्यासारखा तासभर व्यायाम होत नसेल तर थोडा करून काय लाभ? याचे उत्तर शास्त्राने दिलेले आहे. अमेरिकेतील हिक्सन या संशोधकाने १९८० नंतरच्या काही वर्षांत याची परीक्षा पाहिली. आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे, असा दहा आठवडे कसून व्यायाम केलेल्या माणसांपैकी काहींचे दिवस दोनवर आणले, तर दुसऱ्या परीक्षेत काहींची मिनिटे १३ वर आणली. पुढील पंधरा आठवडे त्यांची दमश्वासाची कमाल शक्ती बहुतांशी टिकली. मात्र ज्यांच्या व्यायामाचा जोरच कमी केला, त्यांची ती शक्ती घटली. यातून व्यापाऱ्याने घ्यावयाचा बोध सरळ आहे : फिरतीत व्यायामाची मुदत कमी करावी, जोर कमी करू नये. भांडवल वाढविण्यास पुष्कळ श्रम लागतात. ते राखण्यास त्याहून पुष्कळ कमी पुरतात.

साहित्याची अडचणही खरी नव्हे. आपल्या शेजारच्या अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगास दाखविली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तो सतरंजीएवढ्या जागेत होणारा व्यायाम होय. उतरण्याच्या खोलीत पाच मिनिटे अंग मोकळे करावे, नंतर नमस्कार, जोर व बैठका न रेंगाळता आळीपाळीने काढाव्यात, आणि जिना असल्यास तो झपझप चढावा. दोन-चार शब्दांपलीकडे सलग बोलता येऊ नये इतका दम लागला, तर व्यायाम नेटाचा झाला असे समजावे. कामानिमित्त बाहेरगावी जाणाऱ्या आपल्या भगिनींसही ही बंद खोलीतील रीत सोयीची आहे.

तथापि अतिरेक नको. रात्रभर जागरण झाले असता, ताप असता किंवा उपवासाच्या दिवशी कसून व्यायाम करू नये. त्या दिवशी फेरफटका पुरे. चाळिशी उलटल्यावर नव्याने आरंभ करणाऱ्यांनी, तसेच मधुमेहाचे वा हृदयाचे औषध घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. छातीत कळ आली वा भोवळ आली तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. तेथे निश्चय दाखवू नये.

हा प्रश्न केवळ शरीरसौष्ठवाचा नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी १९५३ साली डॉ. मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तीत दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्यांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार बराच कमी आढळला. आपल्या पेढ्या बहुधा एका माणसाच्या आधारावर उभ्या असतात. कोणाकडे किती येणे, कोणास किती मुदत दिली, कोणाचा शब्द कितपत खरा, हे वहीत थोडे आणि मालकाच्या डोक्यात फार असते. तो माणूस अकाली अंथरुणास खिळला, म्हणजे घर आणि पेढी दोन्ही एकाच दिवशी उघडी पडतात.

यास्तव यजमान बंधूंसही आमची एक विनंती आहे. पाहुण्या व्यापाऱ्यास आग्रहाने चार मिठाया वाढणे आणि सकाळी सहापासून चहा-नाश्त्यास बोलावणे, हीच आदरातिथ्याची परिसीमा मानू नये. त्यास सकाळचा अर्धा तास मोकळा द्यावा. जेथे समाजाच्या धर्मशाळा आहेत, तेथे एक हवेशीर खोली व चार सतरंज्या व्यायामासाठी राखाव्यात. यास खर्च नगण्य आहे.

आपण रोजमेळ रोज लिहितो. गावाला गेलो म्हणून तो कोरा ठेवीत नाही. शरीराच्या खात्यासही हाच न्याय लावावा, एवढीच सर्व सभासदांस आमची नम्र विनंती आहे.