हजार दासींचं आंदण

दोस्तांनो, देवयानीचा संसार का मोडला?

हा सवाल मी आमच्या टोळीत टाकला. डॉकात दुपारची सुट्टी, डबे उघडलेले. एक बोलला, बाई तापट होती. दुसरा बोलला, राजा बायांच्या नादी लागलेला. तिसऱ्यानं भाकरी मोडता मोडता निकाल दिला, "जोडाच विजोड. ब्राह्मणाची पोर नि क्षत्रिय राजा. टिकतंय कशाला?"

व्याख्यानांत मी ऐकलंय तेही एवढंच. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आली. १९६० ला साहित्य अकादमी, मग १९७४ ला ज्ञानपीठ, मराठीला मिळालेलं पहिलं. मी दहावी पास माणूस, डॉकयार्ड रोडला रद्दीवाल्याकडनं ती उचलली. लोक त्यात भोग बघतात, त्याग बघतात. मला दिसली विहीर.

मूळ आदिपर्व उघडा. भांडण लागतं कपड्यावरनं. पोरी पाण्यात उतरलेल्या, वाऱ्यानं कपडे एकत्र झाले, शर्मिष्ठेनं चुकून देवयानीचं वस्त्र नेसलं. झालं! असुराची पोर माझं वस्त्र नेसते? शर्मिष्ठा पण राजाची पोर. ती बोलली, तुझा बाप माझ्या बापाचा भाट, हात पसरणारा. आणि दिलं ढकलून विहिरीत. वस्त्र, शिवाशीव, पाणी, विहीर. ह्याला म्हणे अद्भुतकथा म्हणायचं. आमच्या आज्ज्यांना विचारा ह्यात अद्भुत काय आहे ते.

ययाति येतो, उजवा हात धरून देवयानीला वर काढतो. पुढं ती म्हणते, हात धरलास, आता लग्न कर. राजा टरकतो, कारण ब्राह्मणाची पोर क्षत्रियाला चालत नाही. तिचा बाप शुक्राचार्य म्हणतो, कर, पाप मी धुतो. एका शब्दात मामला खलास.

इथं थांबा. मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो, बाप क्षत्रिय नि आई ब्राह्मण तर पोर सूत. बाप शूद्र नि आई ब्राह्मण तर पोर चांडाळ. मग देवयानीचा यदु सूत का झाला नाही? त्याच्या नावानं तर यादवकुळ चाललं. म्हंजे वशिला असला की शास्त्र गप. आपल्याला शुक्राचार्य सासरा मिळाला नाही. १९१२ साली मुंबई हायकोर्टानं ब्राह्मण बाई नि शूद्र पुरुष यांचं लग्न शास्त्रावर बोट ठेवून रद्द धरलं. हिंदूंच्या आंतरजातीय लग्नाला सगळ्या देशात कायद्यानं मान्यता मिळाली ती १९४९ ला. कायदा आला, विहीर बुजली नाही. २०१३ ला सोनईत तिघं मारले. २०१४ ला खर्ड्यात शाळेतलं पोरगं मारलं, त्या खटल्यातले आरोपी २०१७ ला सुटले.

तेव्हा 'जोडा विजोड' हे उत्तर मला मान्य नाही. ते मारणाऱ्यांचंच उत्तर आहे. देवयानीचा संसार मोडला तो आंदणापायी. विहिरीतनं वर आल्यावर तिनं मागणी केली : शर्मिष्ठा माझी दासी पाहिजे, हजार पोरींसकट. असुरांना लढाईत मेलेले उठवायला शुक्राची संजीवनी लागत होती. राज्य राखायला राजानं पोर वेठीला दिली. ती वेठ घेऊन देवयानी सासरी गेली. ज्या घरात एक मालकीण नि हजार दासी, तिथं नवरा-बायकोत बरोबरी कुठनं येणार? राजा चोरून दासीकडं गेला, चोरून पोरं झाली, देवयानी बापाकडं धावली, बापानं जावयाला म्हातारपणाचा शाप दिला. ते म्हातारपण उचलायला पाचातली चार पोरं नाही म्हणाली. उचललं कुणी? दासीच्या धाकट्या पोरानं, पुरूनं. वजन शेवटी खालच्याच्या पाठीवर.

आणि त्या हजार पोरी? त्यांना नाव नाही. खांडेकरांच्या कादंबरीत ययाति बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. दाईची पोर अलका, राजवाड्यानं विष पाजून मारलेली, ती आपली गोष्ट सांगत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलं की जातीवर खरा उपाय आंतरजातीय लग्न. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला ते भाषण झेपलं नाही, त्यांनी अधिवेशनच रद्द केलं. आपण पोरं एवढंच वाक्य पाठ करतो. पुढचं विसरतो : शास्त्राचं पावित्र्य डोक्यातनं उखडल्याशिवाय ही लग्नं होणार नाहीत. मी त्यात माझं घालतो, झाली तरी टिकणार नाहीत.

हे मी पुस्तकातनं बोलत नाही. माझं पण विजोड लग्न. ती गिरगावातली, सवर्ण. १९५४ च्या कायद्यानं केलं, तीस दिवस आमची नोटीस भिंतीवर. आता माझगावात दहा बाय दहाची खोली. शेजारीण आडनाव विचारते तेव्हा ती क्षणभर अडखळते. मी ते ऐकतो आणि आठ दिवस तोंड फिरवून झोपतो. तिच्या डोक्यात आंदण आलंय, असं म्हणतो. तिला म्हणतो, कवितेत पण म्हणतो.

हा लेख परवा पहाटे तिला वाचून दाखवला. नळाला पाणी आलेलं, ती दोन हंडे भरून जिना चढून आली होती. दासींच्या परिच्छेदाला माझा आवाज चढला. ती उंबऱ्यात उभीच. म्हणाली, "हजार दासींचं एवढं दुःख करतोस. एक हंडा उतरवून घे की."

दोस्तांनो, माझ्या हातातला कागद खाली आला. दिवसभर डॉकात ओझं वाहतो म्हणून घरात हात लावायचा नाही, हे मला कुठल्या शास्त्रानं शिकवलं? तिचं आंदण मला दिसत होतं. माझं मी मोजलंच नव्हतं.

आडनावावर आम्ही अजून भांडतो. ते भांडण खरं आहे, ते झालंच पाहिजे, अडखळणं तिला सोडावं लागेल. पण आता पहाटेचं पाणी मी भरतो. चाळीत बाया हसतात, टोळीत तर विचारू नका. जातीबाहेर लग्न करा, जरूर करा, नोटीस लागू द्या भिंतीवर. फक्त घरात शिरायच्या आधी दोघांनी उंबऱ्यावर थांबा आणि आपल्यामागं किती दासी उभ्या आहेत ते वळून बघा.